ढवळ्याशेजारी पवळ्या

मराठीचा प्राध्यापक म्हणजे शब्दांचे किराणा दुकान, असा आपल्याकडे घरोघर समज आहे. गिऱ्हाइकाने उंबऱ्यावर उभे राहून मागावे आणि आम्ही पुडी बांधून हातावर ठेवावी! कोणाला 'य'वरून मुलीचे नाव हवे असते, कोणाला बंगल्यासाठी तीन अक्षरी नाव हवे असते, कोणाला निवृत्त होणाऱ्या साहेबांच्या मानपत्रात घालायला चार भारदस्त विशेषणे हवी असतात. गेली वीस वर्षे हा धंदा मी बिनभांडवली आणि बिनपगारी चालवीत आहे. आणि या सदराच्या वाचकांना सांगायला हरकत नाही की, गिऱ्हाईक सहसा रिकाम्या हाताने परत गेलेले नाही.

यंदा मात्र अशी एक मागणी आली की, दुकानातले सगळे डबे खाली काढावे लागले. मागणी करणारी होती माझी भाची. ती इंजिनियर आहे. एका महाविद्यालयात गेली तीन वर्षे संशोधन करते आहे. तिचा विषय म्हणजे बिनतारी दळणवळणासाठी ब्रॉडबँड अँटेना अ‍ॅरेची रचना. जुन्नर तालुक्यातल्या एका शाळेने तिला मुलांपुढे बोलायला बोलावले होते, आणि बोलायचे होते मराठीत.

"मामा, अ‍ॅरेला मराठीत काय म्हणू?" तिने विचारले.

मी काही बोलणार, तोच आई म्हणाली, "शब्दाचं मागाहून बघा. आधी तू दिवसभर तिथे करतेस काय, ते मला सांग बाई. खालच्या मजल्यावरच्या काकू दर वेळी विचारतात. मी आपलं 'कॉम्प्युटरचं काहीतरी' असं सांगून वेळ मारून नेते."

भाची हसली, पण ते हसणे फार वेळ टिकले नाही. "आजी, तीन वर्षं झाली. ज्या कामासाठी मी रात्र-रात्र जागते, ते घरी कोणाला सांगताच येत नाही. इंग्रजी शब्द काढून घेतले की माझ्याजवळ काही उरतच नाही बघ."

हे वाक्य मला लागले. ज्या भाषेवर माझा चरितार्थ चालतो, तिच्यात आमच्याच घरातल्या मुलीला आपले काम सांगता येऊ नये? तेव्हा असे ठरले, की शब्द शोधायचा. पण तो कोशातून नव्हे, तिच्या कामातून शोधायचा. तिने वस्तूचा एकेक गुण सांगावा, मी एकेक शब्द पुढे करावा, आणि आईने निकाल द्यावा.

'अँटेना'ने फारसा त्रास दिला नाही. परिभाषेत त्याला 'आकाशक' असा गोड शब्द आहे, पण गच्चीवर चढून "आता दिसतंय का?" असे ओरडण्यात ज्यांचे बालपण गेले, त्या माझ्या पिढीला अँटेना म्हणजे काय हे सांगायला नको. पुण्याच्या गच्च्यांवरच्या त्या काटेरी सळ्यांची तोंडे सिंहगडाकडे असत. कारण मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम १९७३ पासून तिथल्या केंद्रावरून पुण्याला मिळू लागले होते. तारेतल्या विजेची लहर करून ती मोकळ्या आकाशात सोडायची, किंवा आकाशातून आलेल्या लहरीची पुन्हा वीज करून ती तारेत द्यायची, एवढेच अँटेनाचे काम.

"म्हणजे उंबरा," आई म्हणाली. "आतलं बाहेर नि बाहेरचं आत."

भाचीने ते वहीत टिपून घेतले.

खरी अडचण होती ती 'अ‍ॅरे'ची. अनेक अँटेना एकत्र मांडून त्यांच्याकडून एकाच अँटेनासारखे काम करून घ्यायचे, तो अ‍ॅरे. माझ्या डोक्यात प्रथम आला तो भारदस्त 'व्यूह'. आईने तो तत्काळ नापास केला. "व्यूह म्हटलं की अभिमन्यू आठवतो. आत शिरलेला बाहेर येत नाही. फोनवरचं बोलणं तसं व्हायला नको!"

मग मी 'ओळ' म्हटले, आणि ओळीवरून 'आवली'वर आलो. दीपावली म्हणजे दिव्यांची ओळच की! दिवाळीच्या दिवसांत याहून प्रसन्न शब्द कोणता मिळणार? 'अँटेनावली'! मी स्वतःवर खूश होऊन भाचीकडे पाहिले. तिने मान हलवली.

"नाही मामा. पणत्या एकमेकींकडे बघत नाहीत."

तिने समजावले ते असे. एका पणतीच्या जागी दहा पणत्या लावल्या, तर उजेड दहापट होतो. प्रत्येक पणती आपापल्या परीने तेवते. शेजारणीच्या ज्योतीची लहर वर आहे की खाली, याच्याशी तिला कर्तव्य नसते. अँटेनांचे तसे नाही. दोन अँटेनांमधून निघालेल्या लहरी जर अगदी पावलाला पाऊल मिळवून चालल्या, तर समोर लहरीची उंची दुप्पट होते. आणि लहरीतली शक्ती उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती चौपट होते. दहा अँटेना ताल धरून चालल्या तर समोरच्या दिशेला शक्ती दहापट नव्हे, शंभरपट!

"हे जास्तीचं आलं कुठून?" आईने विचारले. संसार केलेल्या बाईला हा प्रश्न पहिला सुचतो.

"कुठून नाही आलं, आजी. बाकीच्या दिशांचं काढून एका दिशेला दिलं. बेरीज तेवढीच. बाजूला त्याच लहरी एकमेकींना मारून टाकतात, म्हणून तिकडे काळोख, आणि समोर झोत."

या युक्तीचे वय सव्वाशे वर्षांच्या घरात आहे. कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने १९०५ साली तीन अँटेना त्रिकोणात उभ्या करून, त्यांतल्या विजेची वेळ मागेपुढे केली आणि लहरी हव्या त्या बाजूला जोरात पाठवून दाखवल्या. १९०९ चे नोबेल पारितोषिक त्याला मार्कोनीबरोबर मिळाले. आणि वाचकांपैकी पुण्याच्या मंडळींना नवल वाटेल, पण ही युक्ती आपल्या दाराशी फार लवकर आली. १९२७ साली हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यामध्ये बिनतारी तारांची सेवा सुरू झाली. तिचे पाठवायचे ठाणे खडकीला होते आणि घ्यायचे ठाणे दौंडला. उंच मनोऱ्यांमध्ये उभ्या तारांचा पडदा लावायचा, त्याच्या मागे परतवणाऱ्या तारांचा दुसरा पडदा, आणि सगळ्या तारांना एकाच तालात वीज द्यायची; म्हणजे लहरी चहूकडे न उधळता नेमक्या विलायतेच्या दिशेने निघत. तिला नावच मुळी 'बीम' म्हणजे झोताची सेवा असे होते.

तर ताल हवा. ताल म्हटल्यावर मला शाळेतली लेझीम आठवली आणि मी 'पथक' हा शब्द काढला. या वेळी भाचीची मान हलली नाही. उलट तिने खुर्ची पुढे ओढली.

समजा, मैदानावर लेझमीच्या दहा ओळी उभ्या आहेत. हलगीच्या ठेक्यावर सगळ्या ओळी एकदम वाकल्या, तर झोत सरळ समोर. पण प्रत्येक ओळ आपल्या डावीकडच्या ओळीहून किंचित उशिरा वाकली, तर पाहणाऱ्याला पथकावरून एक लाट तिरकी सरकत गेलेली दिसते. कोणी जागा सोडलेली नाही, पथकाचे तोंड वळलेले नाही. तरी लाट वळली. अ‍ॅरे झोत वळवतो तो असाच, जागचे न हलता. गच्चीवर जाऊन सिंहगडाकडे सळ्या फिरवायच्या, ते दिवस गेले. भारतात १ ऑक्टोबर २०२२ ला ५जी सेवा सुरू झाली. तेव्हापासून इमारतींवर जे चपटे, पांढरट खोके दिसू लागले आहेत, त्यांतल्या पुष्कळांच्या पोटात वीज देणाऱ्या-घेणाऱ्या ६४ वाटा असतात. रस्त्याने चालणाऱ्या माणसाच्या फोनमागे ते खोके आपला झोत फिरवीत राहते, आणि स्वतः भिंतीसारखे स्वस्थ असते.

"मग झालं की," आई म्हणाली. "पथकच म्हणा."

"थांब आजी, अजून 'ब्रॉडबँड' राहिलं. माझी तीन वर्षं त्यातच गेलीत."

लेझमीत एक गंमत आहे. ठेका ठरलेला असेल, तर 'अर्धा ठेका उशिरा वाक' एवढे सांगितले की काम भागते. पण हलगीवाल्याने मधेच लय चढवली तर? अर्धा ठेका आता कमी वेळाचा झाला. पथक सरावाप्रमाणे अर्ध्या ठेक्यानेच मागे राहिले, पण लाट मात्र भलत्याच कोनात निघाली. अँटेनांचे नेमके हेच होते. प्रत्येक लहरीचा ठेका वेगळा. आणि ब्रॉडबँड म्हणजे एकच ठेका नव्हे. संथ, मध्यम, जलद असे अनेक ठेके एकाच वेळी एकाच पथकाने धरायचे! तेव्हा 'अर्धा ठेका' ही भाषा टाकून द्यावी लागते. 'अमुक इतका वेळ थांब', असे घड्याळ लावून सांगावे लागते. मग लय कोणतीही असो, लाटेचा कोन तोच राहतो.

ज्या मुलांपुढे भाची बोलणार होती, त्यांच्या गावांजवळच या गोष्टीचा मोठा दाखला उभा आहे. पुण्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडदला जी रेडिओ दुर्बीण आहे, तिच्यात ३० तबकड्या आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, आणि सगळा पसारा २५ किलोमीटरचा. प्रा. गोविंद स्वरूप यांनी ती उभारली. त्याआधी १९६५ साली त्यांनी कल्याणजवळ ३२ लहान तबकड्यांचा अ‍ॅरे मांडला होता. ही दुर्बीण बोलत नाही, नुसती ऐकते. पण न्याय तोच. ताऱ्यांकडून आलेली लहर एका तबकडीवर आधी पडते, दुसरीवर नंतर. २५ किलोमीटर जायला तिला सेकंदाचा सुमारे बारा हजारावा भाग लागतो. जिला आधी मिळाले, तिचे तेवढा वेळ राखून ठेवायचे, आणि मागाहून आलेल्यांची वाट पाहून सगळ्यांची बेरीज करायची. पूर्वी ही दुर्बीण एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकत असे. नव्या सुधारणेनंतर ती ४०० मेगाहर्ट्झचा पट्टा ऐकते. ब्रॉडबँड म्हणतात ते हे.

वेळेचे गणित असे सुटते. पण जागेचे गणित त्याहून अवघड. ते सांगताना भाचीने स्वयंपाकघरातून फूटपट्टीऐवजी लाटणे आणि कांड्या करून ठेवलेल्या शेवग्याच्या शेंगा आणल्या.

आपल्या फोनच्या लहरी एकाच मापाच्या नसतात. ७०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ४३ सेंटिमीटर लांब. ३,५०० मेगाहर्ट्झची लहर साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास. चांगल्या अँटेनाची सळई लहरीच्या निम्म्या लांबीची असावी, असा साधा ठोकताळा आहे. म्हणजे मोठ्या लहरीसाठी सळई हवी २१ सेंटिमीटरची. आता दुसरा नियम: दोन शेजारी अँटेनांमधले अंतर लहरीच्या निम्म्याहून फारसे जास्त असता कामा नये. ते वाढले, तर समोरच्या झोताबरोबर भलत्याच दिशेला तेवढाच दुसरा झोत निघतो. पत्र सदाशिव पेठेला आणि त्याची नक्कल हडपसरला, तसे. हा नियम पाळायचा तो सर्वांत लहान लहरीच्या मापाने. म्हणजे अंतर हवे चार-सव्वाचार सेंटिमीटर.

भाचीने चार-चार सेंटिमीटरवर खुणा केल्या आणि त्या जागेत लाटणे आडवे बसवायचा प्रयत्न केला. ते पाच खुणा व्यापून बसले.

"म्हणजे थोरल्याला झोपायला जागा हवी, आणि धाकट्याच्या हट्टापायी खोली एवढीशी," आई म्हणाली. चाळीतल्या दोन खोल्यांत सात माणसांचा संसार केलेल्या तिला या प्रश्नाची ओळख करून द्यावी लागली नाही.

"मग वेगवेगळ्या लहरींसाठी वेगवेगळे खोके का लावत नाही?" मी विचारले.

"लावतातच मामा. म्हणून तर एकेका मनोऱ्यावर इतकी गर्दी. वजन वाढतं, वाऱ्याचा जोर सोसावा लागतो, गच्चीचं भाडं वाढतं. एकाच अ‍ॅरेला सगळं जमलं तर कितीतरी ओझं उतरेल."

आणि मग तिने आपली अडचण सांगितली. तिने आधी एकटी अँटेना तयार केली. तिची परीक्षा एका खास खोलीत घेतात; त्या खोलीच्या भिंतींना, छताला, जमिनीला लहरी पिऊन टाकणारे मऊ सुळके लावलेले असतात, म्हणजे प्रतिध्वनी उठत नाही. तिथे ती अँटेना पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली. मग तशाच ६४ अँटेना करून आठ-आठांच्या आठ ओळींत मांडल्या. आणि सगळे बिघडले. समोर झोत बरा निघे. पण तो बाजूला वळवायला लागले की, आत दिलेली वीज लहर होऊन बाहेर न जाता पुष्कळशी तारेतूनच परत येई. प्रत्येक अँटेना निर्दोष, आणि सगळ्या मिळून नापास! सहा महिने ती या ६४ जणींशी झगडत होती.

"असं का व्हावं?" मी विचारले.

उत्तर आईने दिले. "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला."

भाची थक्क होऊन तिच्याकडे पाहत राहिली. "आजी, आम्ही याच्यावर शेकडो पानं लिहितो ग!"

खरोखर तसेच आहे. एका अँटेनातून निघालेली लहर आकाशात जाते, तशी शेजारणीच्या सळईवरही पडते आणि तिच्यात वीज हलवते. ती हललेली वीज पुन्हा लहर टाकते, ती पहिलीवर येते. प्रत्येक अँटेनाला सतत शेजारचे काहीतरी लागत असते. एकटीचे वागणे मोजून पथकाचे वागणे कळत नाही. म्हणून रचना करण्याआधी सगळ्यांचे मिळून गणित मांडावे लागते. हे गणित कागदावर सुटणारे नव्हे. रॉजर हॅरिंग्टन यांनी १९६८ साली आपल्या पुस्तकात त्याची एक रीत व्यवस्थित मांडली: प्रत्येक सळईचे लहान-लहान तुकडे कल्पायचे, प्रत्येक तुकड्याचा दुसऱ्या प्रत्येक तुकड्यावर होणारा परिणाम लिहून काढायचा, आणि ती हजारो समीकरणे संगणकाकडून एकदम सोडवून घ्यायची.

यातही एक सोय आहे, आणि ती ऐकून मला 'पंगत' हा शब्द सुचला. पंगत जर अंतच नसलेली असेल, तर प्रत्येक पानाची स्थिती सारखीच: डावीकडे शेजारी, उजवीकडे शेजारी. मग एकाच पानाचा हिशेब केला की साऱ्या पंगतीचा झाला! रचनाकार आधी अशी अनंत पंगत कल्पून एकाच घराचे गणित करतात. काम झटपट होते. पण खरी पंगत कुठेतरी संपतेच, आणि कडेच्या पानाला एकाच बाजूला शेजारी असतो. त्याचे वागणे वेगळे. भाचीच्या आठ-आठांच्या पथकात तर ६४ पैकी २८ जणी कडेलाच होत्या. त्यावर उपाय म्हणून कडेभोवती आणखी एक वेढा घालतात, तशाच अँटेनांचा, पण वीज न दिलेल्या. त्या बोलत नाहीत, ऐकत नाहीत. फक्त आतल्यांना शेजार पुरवतात.

पण यानेही शेजाराचा त्रास संपत नाही. फक्त सारखा वाटला जातो. मग शेजार तोडावा का? पुष्कळ वर्षे अनेकांनी तेच केले. अँटेनांमध्ये आडोसे उभारले, अंतरे जुळवली, एकीचे दुसरीला काही लागू नये म्हणून नाना खटपटी केल्या. भाचीचेही सहा महिने त्यातच गेले होते.

आणि गंमत अशी की, शेजाराचा गुण कामाला लावता येतो, हे आपल्या गच्चीवरच्या त्या जुन्या सळ्यांना ठाऊक होते! जपानमधल्या सेंदाई इथे शिन्तारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ साली ती अँटेना मांडली. तिच्या सगळ्या सळ्यांपैकी तार जोडलेली असते ती फक्त एकीला. बाकीच्या नुसत्या शेजारी उभ्या असतात; आणि नुसत्या शेजारानेच मागची सळई लहर परतवते, पुढच्या तिला पुढे खेचतात. बिचारीचा दोष एवढाच, की तिला अरुंद पट्टाच मानवतो.

ब्रॉडबँड अ‍ॅरेच्या बाबतीत हा विचार हॅरॉल्ड व्हीलर यांनी १९६५ च्या सुमारास मांडला. त्यांनी म्हटले, वेगवेगळ्या अँटेना विसरा. विजेचा एकच सलग पत्रा पसरला आहे, असे समजा. पुढे ओहायो स्टेट विद्यापीठातले बेन मुंक यांनी त्याला प्रत्यक्ष रूप दिले आणि २००३ साली असे अ‍ॅरे लोकांपुढे आले. त्यांनी शेजार तोडला नाही, मुद्दाम वाढवला. आखूड सळ्या अगदी जवळ-जवळ मांडल्या आणि त्यांची टोके अशी भिडवली की, ती चिकटत नाहीत, पण एकीची वीज दुसरीत सहज झिरपते. लहान लहरीला प्रत्येक सळई पुरेशी असते. मोठी लहर आली की चार-पाच सळ्या हातात हात धरून तिच्यासाठी एक लांब सळई होतात. लाटण्याला जागा मिळाली! मागचा धातूचा पत्रा मोठ्या लहरींना जो त्रास देतो, तोसुद्धा टोकांच्या या जवळिकीने बराचसा फिटतो. अशा अ‍ॅरेमध्ये सर्वांत लहान लहरीहून चौपट लांब लहरीही सामावल्या.

"म्हणजे आमची चाळ," आई म्हणाली. "एरवी ज्याची त्याची खोली. लग्नकार्य निघालं की मधली दारं उघडायची, की झाली सलग जागा."

भाचीने आपला अ‍ॅरे आता याच वाटेने पुन्हा मांडला आहे. सळ्या निम्म्याहून आखूड झाल्या, टोके जवळ आली. झोत ४५ अंशांपर्यंत वळवला तरी वीज आता पूर्वीसारखी परत येत नाही. सर्वांत मोठ्या लहरींपाशी अजून थोडी कुरकूर आहे. कडेच्या वेढ्यावर काम चालू आहे. प्रबंध पुरा व्हायला वर्ष लागेल, असे ती म्हणते.

शाळेतले भाषण मात्र झाले. शब्द 'पथक'च ठरला. तिने मुलांना मैदानावर उभे केले, हलगी वाजवायला एकाला बसवले आणि लाट वळवून दाखवली; मग लय वाढवून ती बिघडवूनही दाखवली. आणि कडेच्या, वीज न दिलेल्या अँटेना तिने समजावल्या, तेव्हा एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, बागेच्या कडेला वारा अडवायला शेवरी लावतात तसं." भाचीला तो शब्द इतका आवडला, की तिच्या वहीत त्या वेढ्याचे नाव आता 'शेवरी' असे आहे.

तेव्हापासून मला माझ्याच धंद्याचे एक कोडे थोडे सुटल्यासारखे वाटते. आम्ही मुलांना शब्दांचे अर्थ पाठ करायला लावतो; म्हणजे एकेक शब्द त्या सुळक्यांच्या खोलीत, एकटा, मोजतो. पण 'पाणी' हा शब्द घ्या. डोळ्यांपुढे ठेवला तर अश्रू, तलवारीपुढे ठेवला तर धार, मोत्यापुढे ठेवला तर तेज, पैजेत 'पाजले' म्हटले तर पराभव. कोशात एकट्या उभ्या असलेल्या शब्दाला यातले काही ठाऊक नसते. शेजार बदलला की तो वेगळा वाजतो. भाची मराठीत बोलू लागली तेव्हा एकही नवा शब्द घडवावा लागला नाही. उंबरा, पथक, पंगत, शेवरी: सगळे आपल्याच घरातले, शिवारातले शब्द. त्यांना आजवर असला शेजारच मिळाला नव्हता.